शिक्षकांसाठी दुकानात मेळावा : निगडीतील व्यापाऱ्यांनी काय पाहावे, काय टाळावे

निगडी : जून उजाडला की निगडी-प्राधिकरण परिसरातील वह्या-पुस्तकांच्या दुकानांसमोर पालकांच्या रांगा लागतात. जुलैच्या मध्यापर्यंत ही गर्दी ओसरते आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे वर्तमानपत्र दोनदा वाचून होते. पालक वर्षातून एकदा मोठी खरेदी करतो. शिक्षकाची गरज मात्र बारमाही असते. टाचणवही, हजेरीपट, तक्त्यांचे कागद, रंगीत खडू, फळ्यासाठीचे मार्कर, लाल पेनांचे खोके, लॅमिनेशन, झेरॉक्स या वस्तू आणि सेवा शिक्षकाला दर महिन्याला लागतात व त्यांतील कितीतरी तो स्वतःच्या खिशातून घेतो. अशा ग्राहकासाठी खास कार्यक्रम ठेवावा, असे दुकानदाराला वाटले तर ते योग्यच आहे. मात्र दारावर 'शिक्षकांना खास सवलत' असा फलक लावणे वेगळे आणि शिक्षक वेळ काढून येतील असा मेळावा आखणे वेगळे. निगडीसारख्या वसाहतीत असा मेळावा कसा आखावा, याची माहिती येथे दिली आहे. विचार प्रामुख्याने पुस्तके व शालोपयोगी साहित्याच्या दुकानांचा केला असला, तरी त्यातील बराचसा भाग इतर व्यापाऱ्यांनाही लागू पडेल.

'शिक्षक' म्हणजे नेमके कोण?

पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना १९७२ मध्ये झाली, ती औद्योगिक पट्ट्यातील कामगारांना परवडणारी घरे मिळावीत या हेतूने. २०२१ मध्ये प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचे क्षेत्र व कारभार पीएमआरडीए आणि महापालिका यांच्याकडे गेला. पण पेठांचे क्रमांक आणि आखीव रस्ते कायम आहेत आणि या पेठांमधून शाळाही वाढल्या. निगडी-प्राधिकरणात ज्ञान प्रबोधिनीचे नवनगर विद्यालय आहे, यमुनानगरात मॉडर्न हायस्कूल आहे, सिटी प्राइडसारखी सीबीएसई शाळा आहे, सेक्टर २६ मध्ये पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. याखेरीज महापालिकेच्या शाळा, रूपीनगर-त्रिवेणीनगर बाजूच्या लहान खासगी शाळा, घराघरांतील बालवाड्या आणि शिकवणीवर्ग आहेतच.

या सर्वांना एकच निमंत्रणपत्रिका पाठवली की पहिली चूक होते. महापालिकेच्या किंवा पूर्ण अनुदानित शाळेतील कायम शिक्षकाला सातव्या वेतन आयोगानुसार वेतन मिळते. त्याच शिक्षक-खोलीत शेजारी बसणारा शिक्षण सेवक मात्र ठरावीक मानधनावर असतो. हे मानधन २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये करण्यात आले. त्याआधी ते ६, ८ आणि ९ हजार होते. अंशतः अनुदानित शाळांमध्ये अनुदानाच्या टप्प्यानुसार वेतनाचे गणित बदलते आणि विनाअनुदानित शाळांत ते संस्थेच्या मर्जीवर असते. बालवाडीच्या ताईंचे मानधन बहुतेक वेळा याहूनही कमी. मात्र कार्डशीट, चकचकीत कागद, स्टिकर आणि डिंक यांचा वापर सर्वांत जास्त त्यांच्याच वर्गात होतो. म्हणूनच 'पाच हजारांच्या खरेदीवर भेटवस्तू' अशी योजना आखणारा दुकानदार आपल्या सर्वांत नियमित ग्राहकाला दारातच अडवत असतो. खरेदीची किमान रक्कम ठेवायचीच असेल, तर ती तीनशे-चारशे रुपयांच्या पुढे नसावी.

ग्राहक वेगळा, तसा मालही वेगळा. मराठी शाळेतील बाईंना टाचणवही व मूल्यमापनाच्या नोंदवह्या हव्या असतात. इंग्रजी शाळेतील मॅडमना भिंतफलकाची सजावट, किनारपट्ट्या, लहान बक्षिसे हवी असतात. कलाशिक्षकांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीसाठी रंग आणि कागद लागतात. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला यातील फारसे काही लागत नाही. त्यामुळे पहिल्या मेळाव्यात शाळांवर लक्ष केंद्रित करावे, हे बरे. मेळाव्याआधी महिनाभर गल्ल्याजवळ एक वही ठेवावी आणि कोणत्या शिक्षकाने काय मागितले व त्यातील काय आपल्याकडे नव्हते, ते टिपावे. या वहीइतका खात्रीचा बाजार-अभ्यास दुसरा नाही.

तारीख ठरवताना

सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, हा १९६२ पासून देशात शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. साहजिकच दुकानदाराच्या मनात पहिली तारीख तीच येते, आणि बहुतेकदा तीच गैरसोयीची ठरते. त्या दिवशी शाळांत मुलांचे कार्यक्रम असतात, संस्थांचे सत्कार असतात, पुरस्कार वितरण असते. शिवाय बहुतेक वर्षी गणेशोत्सव आसपास असतो. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षक दिन विसर्जनाच्या आदल्या दिवशी आला. २०२६ मध्ये ५ सप्टेंबर शनिवारी येतो. पण आदल्या दिवशी गोकुळाष्टमी आहे, त्याच शनिवारी दहीहंडी आहे आणि १४ तारखेला गणपती बसणार आहेत. दहीहंडीच्या संध्याकाळी निगडीच्या चौकांतून दुचाकी काढून एखाद्या बाई दुकानात येतील, अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून नाही.

यावर उपाय म्हणजे निमित्त शिक्षक दिनाचे ठेवून दिवस आठवडाभर अलीकडचा घेणे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याचा एक फायदा मात्र गमावू नये, तो म्हणजे पगार. अनुदानित शाळांचे वेतन 'शालार्थ' प्रणालीतून महिन्याच्या सुरुवातीला जमा होणे अपेक्षित असते. ते लांबल्याच्या तक्रारीही वारंवार येतात. मेळाव्याच्या आधी दोन-तीन परिचित शिक्षकांना 'या महिन्याचे झाले का?' एवढे विचारले तरी पुरे. मेळावा पगारापूर्वी येत असेल, तर सवलतीची चिठ्ठी द्यावी आणि ती पंधरा दिवस चालेल असे स्पष्ट लिहावे.

इतरही तारखा आहेत. गुरुपौर्णिमा आषाढात येते. २०२५ मध्ये ती १० जुलैला होती, २०२६ मध्ये २९ जुलैला आहे. सावित्रीबाई फुले जयंती, ३ जानेवारी, ही निगडीच्या दुकानदारांनी फारशी मनावर न घेतलेली पण फार सोयीची तारीख. त्या सुमारास शाळांत स्नेहसंमेलनांची धावपळ असते आणि मुकुट, पताका, थर्माकोलला पर्याय ठरणारे पुठ्ठे यांची मागणी आपोआप वाढलेली असते. ५ ऑक्टोबर हा युनेस्कोने १९९४ पासून सुरू केलेला जागतिक शिक्षक दिन आहे. इंग्रजी शाळांतून तो परिचित आहे.

टाळायच्या तारखाही तितक्याच महत्त्वाच्या. शाळा सुरू होण्याचा आठवडा नको; राज्य मंडळाच्या शाळा २०२५ मध्ये १६ जूनला उघडल्या आणि १९ जूनला तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला होती. पालखीच्या स्वागताला भक्ती-शक्ती चौकात लोटणारी गर्दी पाहता त्या दोन दिवसांत निगडीत दुसरा कोणताही कार्यक्रम आखू नये. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे, म्हणून पालखीही जुलैत येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आणि पाठोपाठ उत्तरपत्रिका असतात. निवडणूक आणि जनगणना ही दोन कामे शिक्षण हक्क कायद्यानेही शिक्षकांना चुकत नाहीत. महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले तेव्हा ते अनुभवास आलेच, आणि जनगणनेची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेली आहे.

वार आणि वेळ यांबाबत शनिवार दुपार सर्वांत बरी. बहुतेक मराठी शाळा शनिवारी सकाळच्या असतात. रविवार हा घरचा दिवस, त्या दिवशी शिक्षकाला पुन्हा शाळेची आठवण करून देऊ नये. येथे या पट्ट्याचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्या शिक्षिकेचे यजमान कारखान्यात आहेत, त्या घरातली मोठी खरेदी गुरुवारी संध्याकाळी होते. म्हणून कार्यक्रम शनिवारी ठेवला, तरी सवलत गुरुवारपासून सुरू करावी.

कार्यक्रमात काय असावे?

चहा, बटाटेवडा आणि भाषण यांसाठी शिक्षक येत नाहीत. भाषणे त्यांनी पुष्कळ ऐकलेली असतात. सोमवारी वर्गात वापरता येईल असे काही हातात पडणार असेल, तर मात्र येतात. पुस्तकविक्रेत्याने विक्रीपलीकडचा कार्यक्रम करावा, ही कल्पना मराठीत नवी नाही. मुंबईत 'मॅजेस्टिक'ने सुरू केलेल्या 'मॅजेस्टिक गप्पां'नी पार्ल्यात वाचकांची पिढी घडवली. निगडीतील दोनशे-अडीचशे चौरस फुटांच्या दुकानाने एवढी झेप घेण्याची गरज नाही. तास-सव्वा तासाचे एक प्रात्यक्षिक पुरेसे आहे.

फलकलेखनाचे उदाहरण घेता येईल. सण, जयंती, पाहुण्यांची भेट असली की शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी चित्र व अक्षरे काढण्याचे काम कोणा एका शिक्षकावर येते, आणि ज्याचे अक्षर बरे त्याच्यावर ते कायमचे पडते. एखाद्या अनुभवी कलाशिक्षकाला बोलावून दुकानातच फळा उभा करावा. साखरेच्या पाण्यात भिजवलेला खडू ओला असतानाच फिरवला की रंग गडद बसतो, मोठ्या अक्षरांसाठी खडू आडवा धरावा, कडा शेवटी पांढऱ्याने उठवाव्यात, अशा चार युक्त्या शिक्षकांना दाखवाव्यात आणि त्यांच्या हातून करवून घ्याव्यात. लागणारे खडू, फडकी, मोजपट्ट्या शेजारच्या मांडणीवर असतातच. त्यांचा वेगळा प्रचार करावा लागत नाही. कलाशिक्षकाला योग्य मानधन द्यावे. 'तुमचीही ओळख होईल' या बोलीवर कोणाला राबवून घेऊ नये.

दुसरा विषय टाकाऊतून टिकाऊ विज्ञान-खेळण्यांचा. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे हे काम केले. त्यांची खेळणी आणि ती बनवण्याच्या चित्रफिती सर्वांसाठी खुल्या आहेत. काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची व्हॉल्व्हट्यूब, लहान चुंबक एवढ्या साहित्यावर वर्गभर मुलांचा तास होतो. तिसरा विषय अधिक रुक्ष पण अतिशय उपयोगी : नोंदवह्यांची मांडणी. पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडण्याचा २०२३-२४ पासूनचा प्रयोग जानेवारी २०२५ मध्ये शासनाने मागे घेतला आणि वह्यांचे महत्त्व पूर्ववत झाले. कोणत्या इयत्तेला कोणत्या आखणीची, किती पानांची वही सोयीची, हे शिक्षक दुकानदारापेक्षा चांगले सांगू शकतात. तेव्हा या विषयात दुकानदाराने ऐकण्याची भूमिका घ्यावी आणि पुढच्या जूनची मागणी त्यावरून नोंदवावी.

एवढ्या जागेत एका वेळी बारा-पंधरा माणसे बसू शकतात. शंभर जणांना बोलावून रस्त्यावर उभे करण्यापेक्षा दोन शनिवारी दोन-दोन तुकड्या कराव्यात. बोलावणे छापील पत्रिकेने आणि स्वतः शाळेत जाऊन, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, मधल्या सुट्टीत द्यावे. मोबाइलवरचा संदेश आठवणीपुरता असावा.

ग्राहक की मध्यस्थ?

या साऱ्या खटाटोपात एक प्रश्न असा आहे, ज्याकडे दुकानदार आणि शिक्षक दोघेही सोयीने डोळेझाक करतात. एका शिक्षकामागे चाळीस-पन्नास पालक असतात. 'अमक्या दुकानातूनच वह्या घ्या' हे वर्गात उच्चारलेले एक वाक्य दुकानदाराला वर्षभराच्या किरकोळ विक्रीपेक्षा जास्त मोलाचे वाटू शकते. मग भेटवस्तूचा आकार वाढतो, 'तुमच्या वर्गाच्या यादीवर इतके टक्के' अशी भाषा सुरू होते आणि मेळावा हा मेळावा राहत नाही.

शाळांनी ठरावीक दुकानातूनच गणवेश वा साहित्य घेण्याची सक्ती पालकांवर करू नये, असे शासनाचे आदेश आहेत आणि दर जूनमध्ये त्यांची आठवण करून द्यावी लागते. सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या वर्तणूक नियमांतही भेटी स्वीकारण्यावर मर्यादा घातलेल्या आहेत. नियम बाजूला ठेवले तरी व्यवहार उरतोच. टक्केवारीचा बोजा शेवटी वहीच्या किमतीवर पडतो आणि तो ओटा स्कीममध्ये राहणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या बापाच्या खिशातून जातो. ज्या बाईंना त्याचे मूल रोज भेटते, त्यांच्याविषयी त्या बापाच्या मनात शंका निर्माण होणे, ही किंमत कोणत्याही सवलतीपेक्षा मोठी आहे. दुकानदाराचाही त्यात टिकाऊ फायदा नाही. पुढच्या वर्षी शेजारचा दुकानदार दोन टक्के जास्त देतो.

म्हणून काही पथ्ये आधीच ठरवून घ्यावीत. सवलत शिक्षकाच्या स्वतःच्या व वर्गासाठीच्या खरेदीवर असावी आणि ती बिलावर दिसावी. अमेरिकेतील बार्न्स अँड नोबल ही पुस्तकविक्रीची साखळी शिक्षकांना वर्गासाठीच्या खरेदीवर एरवी २० टक्के आणि वर्षातील ठरावीक दिवसांत २५ टक्के सवलत देते. ती शिक्षक असल्याचा पुरावा पाहून आणि उघडपणे जाहीर करून. आपल्याकडेही शाळेचे ओळखपत्र पाहणे पुरेसे आहे. स्वागताची भेट सर्वांना सारखी आणि माफक असावी : खडूंची पेटी, कापडी पिशवी, एखादे पुस्तक. सोडत काढून मिक्सर देण्याचा मोह टाळावा. विद्यार्थ्यांच्या याद्या, पालकांचे क्रमांक मागूच नयेत. शिक्षकांचे क्रमांक घेतानाही कशासाठी घेत आहोत ते सांगून संमती घ्यावी. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. आणखी एक बारीकशी गोष्ट : दुकानाच्या भिंतीवर शिकवणीच्या जाहिराती लावण्याची पद्धत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई आहे. मेळाव्याला आलेल्या सरांचे नाव त्याच भिंतीवर झळकणे त्यांच्यासाठी अडचणीचे ठरू शकते.

सवलतीचे गणित

शंभर रुपयांच्या वस्तूची खरेदी ऐंशीला असेल, तर वीस रुपये सुटतात. त्यावर दहा टक्के सूट दिली की दहाच सुटतात. म्हणजे पूर्वीइतकाच नफा मिळवायला विक्री दुप्पट व्हावी लागते. हे साधे गणित न करता 'सरसकट २० टक्के' जाहीर करणारा दुकानदार दिवसभर फुकट राबतो. सूट निवडक मालावर द्यावी : ज्यात नफा बरा आहे, उदाहरणार्थ कलासाहित्य, फायली, सजावटीच्या वस्तू. पाठ्यपुस्तकांवर नफा मुळात कमी, तेथे हात आखडता घ्यावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, रंगखडू, नकाशे, पृथ्वीगोल यांवरील जीएसटी शून्य झाला. शिक्षकांना हे ठाऊक असते. करकपातीमुळे उतरलेली किंमत 'आमची सवलत' म्हणून दाखवली, तर ती लगेच ओळखली जाईल. नोंदणीकृत व्यापाऱ्याने हेही पाहावे की मोफत वाटलेल्या भेटवस्तूंच्या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. खर्चाच्या अंदाजात ती रक्कम धरावी. कर सल्लागाराला एक दूरध्वनी केलेला बरा.

ऑनलाइन विक्रीशी किमतीत स्पर्धा करण्याच्या फंदात लहान दुकानाने पडू नये. सुटे दोन मार्कर, आठ वाजता लागणारे लॅमिनेशन, बिल शाळेच्या नावाने आणि पैसे महिनाअखेरीस, या सोयी तेथे मिळत नाहीत. मेळाव्यात त्यांचीच माहिती द्यावी.

परवानग्या आणि जागा

कार्यक्रम दुकानाच्या आत असेल तर वेगळ्या परवानगीचा प्रश्न सहसा येत नाही. पदपथावर मांडव वा खुर्च्या टाकायच्या असतील, तर महापालिकेची परवानगी लागते, आणि खरे तर टाकूच नयेत. फलक व फ्लेक्ससाठी आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी आवश्यक आहे. चौकातले अनधिकृत फ्लेक्स हा शहराला डोकेदुखी झालेला विषय आहे आणि शिक्षकांच्या कार्यक्रमाची सुरुवात त्याने होऊ नये. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. पिंपरी ते निगडी मेट्रोच्या विस्ताराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाल्यानंतर महामार्गालगत कामे सुरू झाली. त्या रस्त्यावरील दुकानदारांनी दुचाकी कोठे लावाव्यात, हे पत्रिकेतच छापावे.

इतर व्यापाऱ्यांसाठी थोडेसे. शिक्षकांच्या पोशाखाविषयी मार्च २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला : शिक्षिकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-चुडीदार, शिक्षकांनी खोचलेला शर्ट व पँट, जीन्स आणि टी-शर्ट नको. कापड व तयार कपड्यांच्या दुकानांना हे निमित्त पुरेसे आहे. दिवसभर उभे राहून शिकवताना चुरगळणार नाहीत, घरी धुता येतील अशा साड्यांची निवड काढून ठेवावी. चष्म्याच्या दुकानाने नेत्रतपासणी ठेवावी. सोन्या-चांदीच्या पेढ्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही.

मेळावा संपल्यावर त्या दिवसाचा गल्ला मोजून समाधान वा निराशा मानू नये. आलेल्यांची नावे शाळेनुसार एका वहीत लिहावीत आणि पुढील तीन महिन्यांत त्यांतील कोण पुन्हा आले, त्यांनी काय घेतले याच्या खुणा कराव्यात. ज्या शाळेतून कोणीच परतले नाही, तेथे एकदा जाऊन विचारावे; कारण बहुधा दराचे नसते, दुकान दुपारी बंद असते किंवा मागितलेली आखणीची वही आलेली नसते. या नोंदी डिसेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण झाल्या, तर ३ जानेवारीच्या मेळाव्याची यादी त्यातूनच तयार होते.